मनोरुग्णालयात दाखल केलं आणि व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह’ आली : आता पुढे काय?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचा भाऊ ४७ वर्षांचा. खता-बियाणांचं दुकान आहे, मानसिक आजार पूर्वी कधीच नव्हता. वर्षभरापासून माणूस बदलला. रात्ररात्र जागायचा, ऐपत नसताना दोन ट्रॅक्टर बुक केले, आमदारकी लढवायच्या गोष्टी करायला लागला, बायकोवर हात उगारला. उधारीची जी वही त्याला तोंडपाठ असायची, तीच आता जुळेना. खासगी मनोरुग्णालयात दाखल केल्यावर ‘बायपोलरमधला मॅनिया’, म्हणजे उदासी आणि अति-उत्साह आळीपाळीने येणाऱ्या आजारातला उत्साहाचा झटका, असं निदान झालं, आणि दाखल करताना काढलेल्या रक्ताच्या रिपोर्टात सिफिलिसची, म्हणजे गरमी या लैंगिक संसर्गाची, व्हीडीआरएल चाचणी ‘रिॲक्टिव्ह, १:१६’, म्हणजे पॉझिटिव्ह आली. डॉक्टर आता पाठीतलं पाणी तपासायचं म्हणतात. ताई विचारतात : रिपोर्ट चुकीचा असू शकतो का? हे सगळं वेड त्या गरमीमुळेच आहे का? पाठीत सुई घालणं धोक्याचं नाही का? वहिनींची तपासणी करायची का? आणि भाचीचं लग्न ठरतंय, तिचं काय?

ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत तीन शक्यता आहेत. एक म्हणजे चाचणी खोटी पॉझिटिव्ह आली असेल. दुसरी, संसर्ग खरा असेल, पण मॅनियाचा त्याच्याशी काही संबंध नसेल. दोन आजार एकाच माणसात शेजारी शेजारी नांदत असतील. तिसरी, जंतू मेंदूपर्यंत गेलेला असेल आणि आपण ज्याला मॅनिया म्हणतोय तो त्याचाच खेळ असेल. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तिसरीचीच धास्ती जास्त वाटते. कारण बायपोलरची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातला पहिला मॅनिया येतो आणि सोबत हिशेब विसरायला होतं, तेव्हा आधी मेंदूकडे बघायचं, मनाचं नाव मग घ्यायचं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ट्रॅक्टरची नाही, वहीची आहे. मॅनियातला माणूस खर्च करतो, पण त्याला गिऱ्हाइकाची बाकी सहसा बरोबर आठवते.

रिपोर्ट चुकीचा असू शकतो का? व्हीडीआरएलपुरतं बोलायचं तर हो. ही चाचणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. शरीरातल्या पेशींना इजा झाली की कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध जी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती शोधते. ती इतर कारणांनीही तयार होतात : कुष्ठरोग, मलेरिया, ल्यूपससारखे आजार, गरोदरपण, कधी नुसतं उतारवय. आमच्या विभागात आणखी एक कारण भेटतं. क्लोरप्रोमाझिन हे मानसोपचारातलं जुनं औषध वर्षानुवर्षं घेतलेल्या काही रुग्णांमध्ये अशीच प्रतिद्रव्यं तयार होतात आणि व्हीडीआरएल उगाच रिॲक्टिव्ह येते. जुन्या मनोरुग्णाचा रिपोर्ट बघताना हे डोक्यात ठेवावं लागतं. तुमच्या भावाने मात्र अशी औषधं आत्ताच सुरू केली आहेत, त्यामुळे त्याच्याबाबतीत हे लागू नाही. शिवाय खोटे रिपोर्ट बहुतेक वेळा १:८ च्या आत असतात (हा आकडा म्हणजे नमुना किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते ते).

खरं-खोटं करायला दुसरी चाचणी लागते, टीपीएचए. ती थेट ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघते. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर संसर्ग झालेला आहे असं धरायचं. फक्त व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह असेल तर बहुधा खोटा इशारा. एकदा संसर्ग झाला की टीपीएचए बहुतेकांमध्ये जन्मभर पॉझिटिव्ह राहते, उपचार झाले तरी. म्हणून उपचाराचा गुण आला की नाही हे टीपीएचएवरून कळत नाही, ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं. तुमच्या पत्रात टीपीएचएचा उल्लेख नाही. पाठीच्या पाण्याआधी ती झाली आहे का, एवढं आज विचारून घ्या. नसेल तर उद्या सकाळी होऊ शकते, फार महागही नाही.

उलट चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. मेंदूच्या जुन्या सिफिलिसमध्ये रक्तातली व्हीडीआरएल कधीकधी निगेटिव्ह येते, टीपीएचए तेवढी पॉझिटिव्ह असते. काही वेळा प्रतिद्रव्यं इतकी जास्त असतात की पातळ न केलेल्या नमुन्यात चाचणी फसते. लॅबवाल्याला नमुना पातळ करून पुन्हा बघायला सांगावं लागतं. स्मृतिभ्रंश किंवा उशिरा सुरू झालेला वेडेपणा घेऊन आलेल्या माणसाचं ‘व्हीडीआरएल निगेटिव्ह’ एवढ्यावर मी समाधान मानत नाही.

आता हा आजार इतकी वर्षं होता कुठे? पहिली खूण म्हणजे जननेंद्रियावर किंवा तोंडात एक न दुखणारी जखम. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते आणि काहीही न करता तीन-सहा आठवड्यांत भरून येते. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, बाईच्या बाबतीत तर ती दिसतही नाही. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, तेही तळहात-तळपायांवर. केस मधूनमधून गळतात, बारीक ताप. तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं सामसूम. उपचार न झालेल्या सगळ्यांच्याच मेंदूत हा जंतू उतरतो असं नाही, पण ज्यांच्यात उतरतो त्यांच्यात जनरल पॅरेसिस हा मेंदूच्या सिफिलिसचा वेडेपणा आणणारा प्रकार साधारण १० ते ३० वर्षांनी डोकं वर काढतो. म्हणजे तुमच्या भावाला संसर्ग झाला असेल तर तो त्याच्या विशी-तिशीतला असू शकतो, कदाचित लग्नाआधीचा. घरात ‘हा आत्ता कुठे जात होता’ यावरून भांडण पेटलं असेल, तर ते भांडण चुकीच्या वर्षाबद्दल असण्याची शक्यता बरीच आहे.

तरी दुसरी बाजू सांगायलाच हवी. मॅनियात माणसाचा लगाम सुटतो. अनोळखी संबंध, निरोध नाही, पैसे उधळणं, हे सगळं त्या दिवसांत घडतं, आणि त्यातून ताजा संसर्ग होऊ शकतो. १:१६ हा आकडा संसर्ग कधीचा हे सांगत नाही. ताज्या संसर्गातही मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून गेल्या वर्ष-दोन वर्षांत जखम, पुरळ असं काही झालं होतं का, हे भावाला एकट्याला विचारावं लागेल. तुमच्यासमोर तो सांगणार नाही.

तपासणीत आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे डॉक्टर टॉर्च घेऊन काय करताहेत ते कळेल. आधी डोळ्याची बाहुली. उजेड पडला की ती आकसायला हवी. या आजारात काही जणांची बाहुली बारीक, वेडीवाकडी असते. टॉर्च मारली तरी ढिम्म, पण नाकासमोर बोट धरून ‘याच्याकडे बघा’ म्हटलं की आकसते. अर्गाइल रॉबर्टसन या स्कॉटिश नेत्रवैद्याने १८६९ मध्ये ही खूण नोंदवली, आजही तिला त्याचंच नाव आहे. मग जीभ बाहेर काढून धरायला सांगतो. ती थरथरते, आतबाहेर होते, माणसाला स्थिर धरता येत नाही. ओठांच्या कडा बोलताना फडफडतात, जोडाक्षरं अडखळतात. ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णकृष्ण’ म्हणायला सांगितलं की पटकन कळतं. एक कागद देऊन सही करायला सांगतो आणि दुकानाच्या जुन्या पावतीवरची सही मागवून शेजारी ठेवतो. अक्षरं सुटलेली, हात कापलेला, कधी नावातलं एखादं अक्षरच गायब. तुमच्याकडे त्याच्या वहीची दोन वर्षांपूर्वीची आणि आत्ताची पानं असतील तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. मोठ्या चाचण्यांइतकंच कधीकधी ते उपयोगी पडतं. यातलं काहीच सापडलं नाही तरी आजार नाही असं मात्र होत नाही. हल्ली या ठळक खुणा कमी दिसतात. नुसतं चिडचिडेपण, उदासी किंवा विसराळूपणा घेऊनही लोक येतात.

पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच पाणी. ‘पाठीत सुई घेतली की माणूस पांगळा होतो’ ही भीती गावोगाव आहे, आणि तिच्यामुळे फार नुकसान होतं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत जाते. रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, जागा बधिर करतात, थेंब थेंब पाणी दोन-तीन नळ्यांत गोळा करतात. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, आडवं पडलं की कमी होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर मात्र डॉक्टर आधी ते तपासतील, गरजेनुसार स्कॅन करतील. भाऊ अस्वस्थ असेल, पाच मिनिटं स्थिर राहत नसेल, तर दोन दिवस औषधाने शांत करून मग केलेलं बरं. पकडून-दाबून करू नये आणि करू देऊ नये.

त्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती, प्रथिनं किती, आणि त्यातली व्हीडीआरएल काय, हे बघतात. पाण्यातली व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, आणि सुईने लागलेलं रक्त त्यात मिसळलेलं नसेल, तर प्रश्न मिटला. निगेटिव्ह आली तर मिटत नाही, कारण ही चाचणी बरेच खरे रुग्ण सोडते. तेव्हा पेशी, प्रथिनं आणि समोर बसलेला माणूस हे तिन्ही मिळून ठरवावं लागतं. यासोबत एमआरआय, थायरॉइड, बी-१२ आणि एचआयव्ही व्हायलाच हवं. एचआयव्हीची चाचणी स्वतंत्र संमतीने, समजावून. दोन्ही संसर्ग एकाच वाटेने येतात आणि एचआयव्ही असेल तर सिफिलिस मेंदूत लवकर उतरू शकतो.

उपचार पेनिसिलिनच. इथे एक घोळ होतो, नीट ऐका. साध्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिन कमरेत देतात : ताज्याला २४ लाख युनिट एकदा, जुन्याला आठवड्याला एक असे तीन. सांधेतापाच्या मुलांना दर २१ दिवसांनी देतात तेच हे औषध. पण ते मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. न्यूरोसिफिलिस, म्हणजे मेंदूत उतरलेला सिफिलिस, असेल तर शिरेतून पाण्यात विरघळणारं पेनिसिलिन द्यावं लागतं, दिवसाला १.८ ते २.४ कोटी युनिट, म्हणजे दर चार तासांनी ३० ते ४० लाख, १० ते १४ दिवस. तेव्हा कोणी ‘तीन इंजेक्शनं घेतली की झालं’ म्हणालं तर विचारा : मेंदूत नाही हे कशावरून ठरवलं? पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर सेफ्ट्रिॲक्सोन वापरता येतं, किंवा देखरेखीखाली हळूहळू सवय करून पेनिसिलिनच देता येतं.

दर चार तासांनी याचा अर्थ रात्री दोनलाही आणि पहाटे सहालाही. चिडलेला, झोप उडालेला माणूस सलाईनची सुई उपटतो. म्हणून घरातलं एक माणूस चोवीस तास जवळ हवं, हाताला फळी आणि पट्टी नीट हवी. आणखी एक अडचण मी कित्येकदा पाहिली आहे. मनोरुग्णालय म्हणतं, आमच्याकडे शिरेतून औषधाची सोय नाही. मेडिसिन वॉर्ड म्हणतो, मानसिक रुग्ण आम्हाला झेपत नाही. रुग्ण दोन्हींच्या मधे लटकतो. तुमच्या जवळ मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेडिसिनमध्ये भरती आणि रोज मानसोपचाराची भेट, असं मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ही रोजची गोष्ट आहे. मानसोपचार कायद्यानेही, म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीची वागणूक मिळण्याचा हक्क आहे.

पहिल्या डोसनंतर चोवीस तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, कधी गोंधळ वाढणं, असं होऊ शकतं. मरणाऱ्या जंतूंची ती प्रतिक्रिया आहे, औषधाची ॲलर्जी नव्हे. नातेवाईक घाबरून औषध बंद करायला लावतात, तसं करू नका. सिस्टरना सांगा, एवढंच.

आणि चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या? ‘आजार गरमीचा निघाला, मग ह्या कशाला’ म्हणून त्या थांबवू नका. झोप आणि आक्रमकता आवरायला त्या लागतातच. फक्त या आजारातल्या मेंदूला हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी हात-पाय कडक होणं, थरथर, असा त्रास लवकर होतो. म्हणून डोस कमी ठेवावा लागतो. चाल अचानक आखडली, लाळ गळायला लागली तर लगेच कळवा.

गुण किती येईल? जंतू मरेल, आजार पुढे जायचा थांबेल. मॅनियासारखी लक्षणं बऱ्याच जणांची काही महिन्यांत ओसरतात. जो मेंदू आधीच झिजला तो मात्र परत येत नाही. विस्मरण थोडं कमी होतं, कधी आहे तिथेच राहतं. वर्षभराच्या आत पकडलेला रुग्ण आणि पाच वर्षांनी पकडलेला, यांत फार फरक पडतो. दुकानाची सही आणि बँकेचे व्यवहार सध्या वहिनींच्या किंवा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या, ट्रॅक्टरचं बुकिंग रद्द करायला डॉक्टरांचं प्रमाणपत्र कामाला येईल. सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी व्हीडीआरएल, शक्यतो त्याच लॅबमध्ये. १:१६ चं १:४ झालं तर उतार खरा. पाठीचं पाणी पुन्हा काढायचं का, यावर मतं बदलली आहेत. रक्ताचा आकडा उतरतो आहे आणि माणूस सुधारतो आहे तर आता बहुतेकांना गरज पडत नाही.

हा आजार मनोरुग्णालयांना नवा नाही. खरं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांतली एक मोठी संख्या याच रुग्णांची होती. बेल या फ्रेंच डॉक्टराने १८२२ मध्ये हा वेगळा आजार म्हणून मांडला, पण जंतूशी नातं पक्कं व्हायला १९१३ उजाडलं. त्या वर्षी नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतच जंतू दाखवला. १९१७ मध्ये व्हिएन्नात वाग्नर-याउरेग यांनी या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला, ताप चढवून जंतू मारायला, आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. १९४३ मध्ये पेनिसिलिनचा उपयोग सिद्ध झाला आणि हे रुग्ण वॉर्डांतून जवळजवळ नाहीसे झाले. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच जास्त पाहिला, त्यामुळे तो आता डोक्यात उशिरा येतो. इकडे जगात सिफिलिस पुन्हा वाढतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ८० लाख लोकांना नव्याने झाला.

आधीपासून मानसोपचार घेणाऱ्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सांगतो, कारण तो याहून मोठा आहे. मनोरुग्णाला कसलं आलंय लैंगिक आयुष्य, असं घरचे धरून चालतात आणि आम्ही डॉक्टरही. झोप विचारतो, भूक विचारतो, हे विचारत नाही. वास्तव असं की मॅनियातला तरुण, दारू-नशेत अडकलेला रुग्ण, स्किझोफ्रेनियात घर सोडून स्टँडवर-स्टेशनवर फिरणारी बाई, यांना धोका जास्तच असतो. त्या बाईच्या बाबतीत तर ‘संबंध’ हा शब्दही चुकीचा, तो बहुतेकदा अत्याचार असतो. रस्त्यावरून आणून दाखल केलेल्या प्रत्येक स्त्रीची गरोदरपणाची, एचआयव्हीची आणि सिफिलिसची चाचणी व्हावी, असं माझं ठाम मत आहे. पाळी चुकली तर ती गोळ्यांमुळेच असं धरू नये, आधी गरोदरपण तपासावं. गरोदरपणातला सिफिलिस वेळेत सापडला तर बाळ वाचतं. मात्र दाखल होणाऱ्या प्रत्येकाची चाचणी न सांगता उरकायची आणि रिपोर्ट फाइलवर लाल शाईने लिहून वॉर्डभर फिरवायचा, हेही चालणार नाही.

यावरून भावाच्या संमतीचं. मानसिक आजार आहे म्हणून त्याला कळतच नाही, असं कायदा मानत नाही. शांत वेळी, साध्या शब्दांत सांगितलं तर बहुतेकांना समजतं : रक्तात जंतू सापडलाय, डोक्यात गेलाय का बघायला पाठीतून पाणी घ्यायचं. खरोखर समजत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला कायद्याने नेमलेल्या माणसाची, मदत घ्यायची. आणि बातमी गरजेपुरतीच. चुलते, भावकी, दुकानातला गडी यांना ‘मेंदूला सूज आहे, इंजेक्शनं चालू आहेत’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

वहिनींना मात्र कळायलाच हवं. शक्य तर भावाच्या तोंडून, डॉक्टरांसमोर. संसर्ग जुना असेल तर तो आता त्यांना संबंधातून लागण्याची शक्यता फारशी नसते, पण वीस वर्षांपूर्वी लागून तसाच दडून बसलेला असू शकतो. त्यांची व्हीडीआरएल आणि टीपीएचए दोन्ही करा, एचआयव्हीही. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे हे मोफत होतं आणि गुपित राखतात. १०९७ या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनवर फोन केला तर जवळचं केंद्र कळतं. वहिनींचे गर्भपात, मृत मूल असं काही पूर्वी झालं असेल तर तेही तिथे सांगायला सांगा. पॉझिटिव्ह आल्या तर त्यांनाही उपचार, आणि त्यांचीही नीट तपासणी.

राहिली भाची. हा आजार बापाकडून रक्तातून येत नाही. मूल पोटात असताना आईला संसर्ग असेल तरच मुलाला होतो. वहिनींची टीपीएचए निगेटिव्ह आली तर भाचीची चाचणी करायचं कारणच नाही. पॉझिटिव्ह आली तर भाचीचं आणि इतर भावंडांचं रक्त एकदा तपासून घ्या, निगेटिव्ह आलं की विषय संपला. लग्नाची तारीख यासाठी पुढे ढकलायची गरज नाही. फक्त ती भावाच्या १४ दिवसांच्या इंजेक्शनांत येऊ देऊ नका.